गव्हर्नरच्या जागेवर टाकलेला रुमाल

पान्ताल, १८ ऑक्टोबर २०१८

रुपेर्तो,

बुधवार, १७ ऑक्टोबर २०१८, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटं. प्रांतिक कचेरीच्या मागे गाड्या लावायची जागा. तुझ्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर मी, काच अर्धी खाली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हिल्डेगार्ड आम्हाला तक्रारअर्ज लिहायला शिकवायच्या. आधी वार, तारीख, वेळ. मग घडलं ते. रडणं शेवटी, आणि तेही कागदावर जागा उरली तरच. त्याच क्रमाने लिहिते.

चार वाजता मी गव्हर्नरपदाचा उमेदवारी अर्ज भरला. बँड होता. तुझ्या बस कंपनीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच रंगाचे शर्ट घालून टाळ्या वाजवत होते. फोटोवाल्यांसाठी तू माझा हात धरून इतका वर ओढलास की खांदा अजून दुखतोय. नंतर मला गाडीत बसवलंस आणि बाहेर उभा राहून माक्सिमोशी बोलत होतास. माक्सिमो, ज्याला गेल्या नऊ वर्षांत प्रांतातल्या निम्म्या रस्त्यांची कंत्राटं मिळाली, तो. तू म्हणालास,

"दुमान्कास फसला बघ! म्हातारी मास्तरीण उभी आहे, तिच्यापुढे आपण पडणार, म्हणून त्याने गव्हर्नरचा सोडून व्हाइस गव्हर्नरचा अर्ज भरला. अरे, थोरली बहीण, आमची मनांग, म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल. नोव्हेंबर संपायच्या आत उचलायचा आणि तिथे माझ्या पोराला, दिन्दोला, बसवायचं."

माक्सिमो हसला. "आणि रुमालाने ऐकलं नाही तर?"

"रुमाल कधी बोलतो का रे?"

माझे कान चांगले आहेत. एकतीस वर्षं मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात गेली आहेत.

आता त्याआधीचं. सप्टेंबरच्या शेवटी तू माझ्याकडे एकटा आलास. बॉडीगार्ड नाही, सेक्रेटरी नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून दोनदा पेज आणि सुकी मासळी खाल्लीस. म्हणालास, "मनांग, माझ्या तीन टर्म झाल्या. कायद्याने मला परत उभं राहता येत नाही. मी संसदेला, काँग्रेसला, उभा राहतोय, बायको लोर्ना मेयरला. पण या प्रांतात डाग नसलेला माणूस कोण? मी रात्रभर विचार केला. तुझ्याशिवाय नाव सुचेना."

मी आठवडाभर वेळ मागितला. नंतर हो म्हणाले. म्हणाले ते तू धाकटा भाऊ आहेस आणि नाही म्हणायची सवय नाही म्हणून, बाकी काही नाही. नवीन पोशाख शिवायला टाकला होता तो दुसऱ्याच कारणासाठी, आणि कापड घरात होतंच. गैरसमज नको.

लोर्नाने काल रात्री फोन करून विचारलं, मी जेवायला का थांबले नाही. तिला सांग, डोकं दुखत होतं. तुला सांगते, मी ऐकलं.

रुमाल बोलतो. हे त्याचं पहिलं पत्र.

एस्कोलास्तिका


पान्ताल, २ नोव्हेंबर २०१८

रुपेर्तो,

पत्राचं उत्तर आलं नाही. तुझी सेक्रेटरी म्हणते, "साहेबांनी वाचलं आणि हसले." हसणं हे उत्तर असेल तर माझ्या वर्गात निम्मी मुलं पहिली आली असती.

काल, मेलेल्यांच्या सणाला, आपण आई-बाबांच्या थडग्यापाशी भेटलो. सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावून, चटया टाकून, भात-मासळी खात बसलं होतं आणि तू तीन तरुणांना घेऊन पाण्याच्या बाटल्या वाटत होतास. प्रत्येक बाटलीवर तुझा चेहरा. आईच्या थडग्यावर चार बाटल्या ठेवल्यास. तिला तहान लागली असेल तर तुझ्याकडे बघून भागली असेल.

तिथे झालेलं बोलणं लिहून ठेवते, कारण तू ते उद्या वेगळं सांगशील.

तू म्हणालास, "काय मनांग, अजून फुगलेलीच?"

मी म्हणाले, "फुगायचं खातं तुझ्याकडे आहे." आणि तुझ्या पोटाकडे बघितलं. आजूबाजूचे हसले, तूही हसलास. याबाबतीत तू मोठा माणूस आहेस, हे मी नाकारत नाही.

मग खाली वाकून हळू आवाजात: "अगं, नाटकात राणीचं काम मिळालं असं समज. पडदा पडला की मुकुट काढून द्यायचा. आणि देतेस कुणाला? दिन्दोला. घरातच राहतो ना?"

"मुकुट मागायला मी आले होते की तू आला होतास?"

"मी आलो होतो गं. पण तुला कळायला हवं होतं!"

"काय कळायला हवं होतं?"

यावर तू आईच्या थडग्याकडे हात केलास. "तिला विचार. ती काय म्हणाली असती?"

"तूच विचार," मी म्हणाले. "मतदार यादीत अजून आहे ती."

तेव्हा मात्र तू हसला नाहीस.

मी काही तुझी शत्रू नाही. तू कसा चढत गेलास ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. सतराव्या वर्षी शाळा सोडून मासळी बाजारात भुशात गुंडाळलेला बर्फ विकायला लागलास. मग बर्फाचा कारखाना, दोन जीप, मग बस. पहिल्या बसला आईचं नाव दिलंस आणि ती बस घाटात बंद पडली की लोक आईला शिव्या द्यायचे. नंतर हार्डवेअरचं दुकान, नदीतली खडी, सिमेंट, शेवटी शववाहिका. आता आपल्या प्रांतातला माणूस तुझ्या बसने गावात येतो, तुझ्या सिमेंटच्या घरात राहतो आणि तुझ्याच गाडीतून कबरस्तानात जातो. मध्ये जेवढं आयुष्य उरतं, तेवढ्याचा तू गव्हर्नर.

पूल वाहून गेला त्या वर्षी तू चार दिवसांत बांबूचा पूल उभा केलास आणि एक पैसा घेतला नाहीस. मेयर झालास तो त्याच पुलामुळे. खरा पूल नंतर सरकारने बांधला. खडी तुझी होती.

कुणाच्या घरी माणूस गेलं हे तुला नातेवाइकांच्या आधी कळतं. तू जातोस, प्रेताच्या बाजूच्या टेबलावर पत्ते खेळायला बसतोस आणि मुद्दाम हरतोस, कारण त्या डावातला वाटा दुःखात असलेल्या घराला जातो. हजारभर मुलांचा तू धर्मपिता आहेस. एकाचंही नाव विसरत नाहीस. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तू माझ्या स्टुलावर बसून विचारलंस तेव्हा मला खरं वाटलं.

एस्कोलास्तिका


पान्ताल, १४ नोव्हेंबर २०१८

रुपेर्तो,

तुझी बायको काल आली होती. सोबत टोपलीत हॅम, चीज आणि लूर्दचं विमानाचं तिकीट.

"मनांग, तुमच्या गुडघ्यांसाठी," लोर्ना म्हणाली. "मदर मेरीच्या झऱ्याचं पाणी लावलं की लोक कुबड्या टाकून चालत येतात म्हणे."

"माझे गुडघे ठीक आहेत. निघायचं कधी?"

"सत्तावीसला."

"आणि परत?"

"दहा डिसेंबर. दोन आठवडे नुसती प्रार्थना!"

उमेदवार बदलायची मुदत एकोणतीस नोव्हेंबरला संपते. मी ती मुदत झऱ्याकाठी गुडघे टेकून घालवावी, ही योजना. मी कॅलेंडरकडे बघितलं, तिनेही बघितलं. मग तिने पर्समधून माघारीचा कागद काढला. माझं नाव, पत्ता, सगळं टाइप केलेलं.

"इथे फक्त सही. वकीलसाहेब बाहेर गाडीत आहेत, शपथेचं तेवढं ते करून घेतील. जाण्याआधी एक काम उरकून टाकू."

"त्यांना आत बोलव ना. उन्हात का बसवलंयस?"

"एसी चालू आहे, मनांग."

"मग बसू दे."

लोर्ना वाईट बाई नाही. निघताना दारात थांबून म्हणाली, "तुम्हाला एवढं वाईट वाटेल असं आम्हाला खरंच वाटलं नव्हतं." माझा विश्वास आहे. तुम्हाला वाटलंच नव्हतं.

टोपली तुझ्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवली आहे. हॅम ठेवून घेतला. कुत्र्यांनी आधीच उघडला होता.

तू कधी विचारलं नाहीस, पण सध्या माझ्याकडे माणसं येतात. तू कचेरीच्या कुंपणावर माझा फोटो लावलास, तो लोकांनी खरा धरला. दुमान्कासला फसवायला लावला होतास, गाव फसलं. परवा डोंगराकडच्या सहा वस्त्यांचे प्रमुख आले. सहाही जण माझे विद्यार्थी. त्यातल्या नेस्तोरला मी दोनदा चौथीत ठेवला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत, तरी खुर्चीवर बसायला तयार नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "रागावू नका. पण तुम्ही उभ्या आहात की तुम्हाला उभं केलंय? आम्हाला घरोघर जाऊन सांगायचंय. नंतर तोंडघशी पडायला नको."

मी कॉफी आणायला आत गेले. माझ्या स्वयंपाकघरात कॉफी करायला इतका वेळ कधी लागला नव्हता. बाहेर आले तेव्हा ते नदीबद्दल बोलत होते. तुझ्या खडीच्या यंत्रांनी काठ इतका खाल्ला आहे की नेस्तोरच्या वस्तीतल्या शाळेची मागची भिंत आता पाण्यापासून हातभर अंतरावर आहे. मी दुसऱ्या दिवशी सहज तिकडे जाऊन आले. जाताना वाटेत आणखी काही शाळा होत्या, त्याही बघितल्या. वेळ जावा म्हणून.

आपल्या पान्तालच्या शाळेतही गेले. मी तिथे मुख्याध्यापिका असताना २०१३च्या वादळात छप्पर उडालं आणि तीन वर्षांनी तू नवीन घातलंस. पत्र्यांवर तुझ्या नावाची आद्याक्षरं एवढी मोठी रंगवलीस की विमानातल्या माणसालाही वाचता येतील. खाली पहिलीच्या वर्गात मुलं छत्री उघडून बसतात. अजूनही.

पत्र लांबलं. मुद्दा एवढाच, की लूर्दला मी जाणार नाही.

एस्कोलास्तिका


पान्ताल, २१ नोव्हेंबर २०१८

रुपेर्तो,

आज दिन्दो आला होता. मोटरसायकलवर, एकटा. तू पाठवला नव्हतास हे त्याच्या शर्टावरून कळलं. त्यावर कुणाचाच चेहरा नव्हता.

जेवला. मग लहानपणी आत्याला हाक मारायचा त्याच सुरात विचारलं, "तीता, गव्हर्नर सोमवारी काय करतो?"

"बापाला विचार."

"विचारलं. बाबा म्हणाला, सोमवारी सकाळी झेंडा वर करायचा. बाकीचं लोक सांगतात."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी कुठलं तरी लग्न असतं म्हणे."

चोवीस वर्षांचा मुलगा आहे. कायद्याला तेवीस पुरतात. मी विचारलं, "तुला व्हायचंय का?"

त्याने हाडं एका बाजूला नीट रचून ठेवली. "मला काय व्हायचंय ते कुणी विचारलेलंच नाही, तीता. त्यामुळे तयारी नाही."

मी त्याला सांगितलं नाही की आमच्या दोघांचं दुखणं एकच आहे. त्याला ताटात आणखी भात वाढला.

जाताना म्हणाला, "तू त्या जागेवरून नाही उठलीस तर बाबा तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि तू?"

"मी येईन ना. इथे जेवण चांगलं असतं."

एस्कोलास्तिका


पान्ताल, २८ नोव्हेंबर २०१८

रुपेर्तो,

रविवारी तू स्वतः आलास, चर्चमधली मिसा सुटल्यावर लगेच. या वेळी बाहेर तीन गाड्या होत्या आणि स्टुलावर न बसता उभा राहिलास. तुला पेज देऊ का विचारलं, नको म्हणालास. तेव्हाच कळलं की आज खरं बोलणार.

आधी नेहमीचं. "मनांग, मी तुझा हात धरून चालायला शिकलो."

"आणि मोठा झाल्यावर तो हात फोटोवाल्यांपुढे वर केलास."

"घरातल्या घरात आपण कोर्ट करायचं का? लोक हसतायत!"

"कोण हसतंय? नाव सांग. माझ्याकडे येणारे हसत नाहीत."

"तेच तर!" तू टेबलावर हात आपटलास. "त्यांना वाटतंय तू खरंच उभी आहेस! दुमान्कासच्या माणसांनाही वाटायला लागलंय. काल तो म्हणाला, मॅडम राहिल्या तर मी त्यांच्याबरोबर काम करेन. माझा विरोधक, मनांग! त्याला तू चालतेस!"

"तुला का नाही चालत?"

तू खिडकीपाशी गेलास. पाठ माझ्याकडे. 

"कारण तू पहिल्याच आठवड्यात माझी खडी बंद करशील."

"दुसऱ्या," मी म्हणाले. "पहिल्या आठवड्यात शाळांचे पत्रे."

तू वळून माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, सप्टेंबरपासून पहिल्यांदाच बघितलंस. मग टोपी घातलीस आणि गेलास. तीनही गाड्या मागे घेताना माझी जास्वंद मोडली, ते सोड.

त्यानंतर माझ्याकडे फादर आले, बँकेचा मॅनेजर आला आणि काल माक्सिमो आला. फादर म्हणाले, कुटुंब टिकलं पाहिजे. मॅनेजर म्हणाला, वयाचा विचार करा. माक्सिमो म्हणाला, "मॅडम, चारशे ड्रायव्हर, खडीवरची माणसं, त्यांची पोरंबाळं. या सगळ्यांच्या चुली गव्हर्नरवर चालतात." हे एकच बोलणं मी रात्री अंथरुणावर घेऊन गेले. त्या चुली मला दिसतात. त्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं माझ्यापुढे बसून पाढे शिकली. पण नदीकाठच्या शाळेतली मुलंही मला दिसतात, आणि भिंत पडेल तेव्हा ती माक्सिमोला विचारून पडणार नाही.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते. तुझ्या वकिलाने सांगितलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक.

अर्ज भरायची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली. दिन्दोला आता स्वतःचा अर्ज भरता येत नाही. तो फक्त माझ्या जागेवर येऊ शकतो, आणि ते मी माघार घेतली तरच. माघार माझ्या सहीने आणि माझ्या शपथेने होते, उद्या संध्याकाळी पाचला निवडणूक कार्यालय बंद व्हायच्या आत. तुझ्या सहीने होत नाही, लोर्नाच्या नाही, आणि दुसऱ्या कुणी माझी सही केली तर कार्यालयातला कारकूनही माझाच विद्यार्थी आहे. त्याचं अक्षर मी सुधारलं आहे आणि माझं अक्षर तो ओळखतो.

मी हट्टाला पेटलेली नाही. हे पद मला हवंच होतं असंही कुणी समजू नये. तीन महिन्यांपूर्वी ते माझ्या डोक्यातही नव्हतं. तू आणून ठेवलंस. आणि ठेवल्यावर मी त्याच्याकडे बघितलं, जसं कुणीही बघेल, आणि मला त्यात करण्यासारखं काम दिसलं. दोष द्यायचाच तर एवढा दे.

मला पैसे नकोत, लूर्द नको, तुझी माफीसुद्धा नको. तू माफी फार सुंदर मागतोस, प्रत्येक निवडणुकीत ऐकते. मला एक कारण हवं. दिन्दो माझ्यापेक्षा चांगला गव्हर्नर का होईल, याचं एक कारण. एकच, पण तुझ्या अक्षरात. सेक्रेटरीचं टाइप केलेलं नको, भाषण लिहिणाऱ्या त्या पत्रकार पोराचं नको. "तो माझा मुलगा आहे" हे धरलं जाणार नाही, ते नातं झालं, कारण नाही. "तू बाई आहेस", "तू म्हातारी आहेस", "लोक काय म्हणतील" हीही नाहीत. ती मी रविवारपासून वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली आहेत. खडीचं कारण तू सांगून झाला आहेस, आणि ते माझ्या बाजूचं आहे.

कारण खरं असेल तर मला वाचताच कळेल. मग मी स्वतः बसने कचेरीत येईन, तुझ्याच बसने, तिकीट काढून, आणि सही करेन. त्यानंतर या विषयावर माझ्याकडून एक शब्द निघणार नाही. दिन्दोच्या प्रचारालाही मी उभी राहीन, त्याला चालणार असेल तर.

आलं नाही, तर दुपारी एक वाजता नेस्तोर आणि बाकीचे पाच प्रमुख येणार आहेत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा देईन. या वेळी कॉफी आधीच करून ठेवली आहे.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. माणूस पाठवू नकोस. स्वतः आलास तर दार उघडीन, पण हातात कागद नसेल तर जेवायला बसवणार नाही.

उत्तर लेखी. उद्या, गुरुवार, २९ नोव्हेंबर २०१८, दुपारी बाराच्या आत, माझ्या हातात.

एस्कोलास्तिका गेमारिनो
गव्हर्नरपदाची उमेदवार